४८ लाखांची हायब्रिड आणि आपल्या गल्ल्या

मागच्या अंकात टोयोटाच्या नव्या कॅमरीवर चार ओळी टाकल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांच्या वाचनात ते आलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गाडी डिसेंबर २०२४ मध्ये भारतात आली, तेव्हा किंमत ४८ लाख एक्स-शोरूम, अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून २३० पीएस ताकद, आणि मायलेजचा कंपनीचा आकडा लिटरला २५.४९ किलोमीटर. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी बजावलंय (घरात अजून सांगितलेलं नाही म्हणे!), त्यामुळं फक्त गाव किंवा भाग देतोय.

प्रश्न : उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे, रोज टिळकवाडीतून ये-जा आणि महिन्यातनं एखादी पुण्याची फेरी. आत्ताची पेट्रोल गाडी लिटरला ११ च्या वर जात नाही. कॅमरी २५ देते म्हणालेत तर पेट्रोलच्या बचतीत गाडीचे पैसे किती वर्षांत वसूल होतील? आणि सीए म्हणालाय कंपनीच्या नावावर घ्या, ते बरं पडेल काय? — टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : साहेब, वसूल हा शब्दच आधी डोक्यातून काढा. २५ हा टेस्टमधला आकडा, मी हिशोबाला १८ धरतो. वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरलात तर ११ च्या गाडीला साधारण १,०९० लिटर पेट्रोल लागेल आणि हिला ६६७, म्हणजे वाचले सव्वाचारशे लिटर, १०३ रुपये भाव धरला तर वर्षाचे ४४ हजार. आता दुसरीकडं बघा. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स १८ टक्के, वर त्या टॅक्सवर ११ टक्के सेस. ४८ लाखांवर हे होतात ९ लाख ५९ हजार. म्हणजे २० वर्षं गाडी चालवून जेवढं पेट्रोल वाचवाल त्याच्यापेक्षा जास्त आरटीओत पहिल्याच दिवशी भरून याल! इन्शुरन्स धरून रस्त्यावर येईपर्यंत आकडा साठीच्या घरात जातो.

मग लोक घेतात कशाला, तर दुसऱ्या कारणासाठी. आरपीडी क्रॉस किंवा गोगटे सर्कलला संध्याकाळी सहाला अडकून बघा, इंजिन बंद, एसी चालू, गाडी मोटरवर मुंगीच्या पावलानं सरकतेय आणि आत काहीही आवाज नाही. ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होते आणि एरवी ब्रेक पॅडमध्ये जळून जाणारी ताकद बॅटरीत परत येते, म्हणून गावात ही गाडी हायवेपेक्षा चांगलं मायलेज देते, आपण आजवर जे ऐकत आलो त्याच्या बरोबर उलटं. पुण्याला १०० च्या स्पीडनं सलग गेलात तर हायब्रिडचा फायदा निम्म्यावर आला असं समजा. आणखी एक गोष्ट शोरूमवाले सांगत नाहीत कारण त्यांनाच ती महत्त्वाची वाटत नाही: या सिस्टिममध्ये क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, वेगळा अल्टरनेटर नाही, दोन मोटरी आणि इंजिन एका गिअरच्या संचानं जोडलेले असतात, बस. तुम्ही मशीन शॉपवाले, फिरणारे आणि घासणारे पार्ट कमी असले की काय होतं ते तुम्हाला मी कशाला सांगू. दहा वर्षं ठेवणार असाल तर घ्या, तीन-चार वर्षांनी बदलायची सवय असेल तर नको, मोठ्या सेडानला सेकंडहँड बाजारात गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

कंपनीच्या नावावर घेतली तर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, लोनचं व्याज खर्चात टाकता येतं, पण जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, भाड्यानं चालवायचा, ड्रायव्हिंग शिकवायचा किंवा गाड्याच विकायचा धंदा असेल तरच मिळतं. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे (आधी सेस धरून ४३ होता), म्हणजे ४८ लाख किंमत धरली तर त्यात पावणेचौदा लाखांच्या आसपास जीएसटीच, तो गेला तो गेला. १० लाखांवरची गाडी म्हणून डीलर १ टक्का टीसीएस (विकतानाच घेतलेला आगाऊ इन्कम टॅक्स) घेईल, ४८ हजार, ते मात्र रिटर्नमध्ये वळते करून घ्या, बरेच जण विसरतात.

प्रश्न : पोरगा म्हणतो गाडी पुढनं लई भारी दिसते. मी मागनं आणि बाजूनं बघालोय तर मला जुनीच वाटते. एवढे पैसे मोजायचे तर लोकांनी वळून बघायला नको काय ओ? — शहापूर, बेळगाव

उत्तर : काका, पोरगाही बरोबर आणि तुम्हीही. ही कॅमरीची नववी पिढी म्हणून विकतात पण खालचा प्लॅटफॉर्म मागच्याच पिढीतला, आणि छप्पर आणि दरवाज्यांचा सांगाडाही बराचसा तोच. त्यामुळं बाजूनं उभं राहून बघितलं की ओळखीची वाटते. सगळा खर्च तोंडावर आणि ढुंगणावर केलाय! पुढचं तोंड टोयोटाच्याच नव्या प्रियस गाडीसारखं, डोक्याजवळ चपटं आणि रुंद, त्याला हॅमरहेड म्हणतात, आणि दिवे इंग्रजी सी अक्षरासारखे वळवलेले. मागच्या दिव्यांतही तोच सी फिरवून बसवलाय. मला पुढची बाजू आवडली. बंपरच्या कोपऱ्यात जे काळे उभे खाचे दिलेत ते मात्र उगीचच वाटतात, ४८ लाखांच्या गाडीनं २० वर्षांच्या पोरासारखं दिसायचा प्रयत्न कशाला करायचा.

लोकांनी वळून बघावं हा हेतू असेल तर खरं सांगतो, ही गाडी घेऊ नका. आपल्याकडं वळून बघतात ते फॉर्च्युनरकडं. ग्रामपंचायतीचा मेंबर झाला की पहिली ती दारात येते आणि निवडणुकीच्या काळात हायवेवर पांढऱ्या फॉर्च्युनरच्या रांगाच असतात. कॅमरी ज्याला कळते त्यालाच कळते, बाकीच्यांना मोठी होंडा वाटते. मला तेच तिचं बलस्थान वाटतं पण हे माझं मत झालं, शहापुरातल्या लग्नात गाडीतून उतरताना तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच ठरवा.

दिसण्याचं खरं काम आत झालंय आणि तेही मागच्या सीटवर. शोरूमला गेलात की स्टिअरिंगवर बसू नका, सरळ मागं डावीकडं बसा. मधला आर्मरेस्ट खाली ओढा, त्याच्यावर टच पॅनल आहे, त्यावरून पाठ मागं कलते, एसी कमी-जास्त होतो, गाणी बदलता येतात, मागच्या काचेचा पडदा वर येतो. तो पडदा वर चढताना बघा, काही झटका नाही, घाई नाही. मग बाहेर येऊन दार नुसतं सोडून द्या आणि बंद होताना आवाज ऐका. फोटोत यातलं काही दिसत नाही.

रंगाचं म्हणाल तर पांढरा मोत्याचा रंग सुंदर आहे पण आपली लाल माती लक्षात घ्या, पावसाळ्यात खानापूरकडं एक चक्कर मारली की दारांच्या खालचा भाग विटेच्या रंगाचा होतो. सिमेंट ग्रे बघा.

आणि मोजपट्टी काढा. लांबी ४,९२० मिलिमीटर आहे, म्हणजे १६ फुटांच्याही वर. शहापूरच्या जुन्या घरात दारासमोर लावणार असाल तर शेजाऱ्याची परवानगी आधी घ्या, गाडी नंतर.

प्रश्न : आमचं अर्धं घर कोल्हापुरात, अर्धं निपाणीत. तिकडं एमएच-०९ पासिंग केलं तर टॅक्स बराच वाचतोय असं सगळेच म्हणालेत. करू काय? — निपाणी

उत्तर : वाचतो हे खरं. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के, म्हणजे ४८ लाखांवर ६ लाख २४ हजार. आपल्याकडच्या ९ लाख ५९ हजारांशी ताडून बघितलं तर सव्वातीन लाखांहून जास्त फरक. कंपनीच्या नावावर घेतली तर तिकडं टॅक्स वाढतो, तेव्हा ते नीट विचारून घ्या.

पण गाडी राहणार कुठं, प्रश्न तो आहे. मोटर वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणं दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे कोल्हापूरची एनओसी, इथला टॅक्स, मग तिकडच्या उरलेल्या टॅक्सच्या रिफंडसाठी अर्ज, आणि तो रिफंड हातात पडेपर्यंत गाडीची सर्व्हिसिंग कितीदा होते ते मोजायला नको. कर्नाटक आरटीओ बाहेरच्या पासिंगच्या महागड्या गाड्यांच्या मागं लागलंय, जुन्या अल्टोकडं कोणी बघत नाही पण लांबलचक नवी कॅमरी रोज निपाणीच्या बाजारात दिसली तर बघणारच. त्यात सीमाभागात वातावरण तापलं की तिकडच्या एसटीसुद्धा अलीकडं येत नाहीत, त्या दिवसांत एमएच पाटी घेऊन बेळगावात फिरायचं टेन्शन वेगळंच.

गाडी खरोखरच कोल्हापुरात राहणार, पत्ता तिथला, वापर तिथला, मग बिनधास्त तिकडं करा. नुसता कागदावरचा पत्ता असेल तर करू नका.

प्रश्न : मी लष्करात आहे, सध्या पोस्टिंग बेळगावला. मला बीएच नंबर मिळेल का? — कॅम्प, बेळगाव

उत्तर : तुम्हाला मिळतो (बीएच म्हणजे भारत सिरीज, राज्य बदललं तरी तोच नंबर चालतो), आणि या सगळ्या पत्रांत सगळ्यात फायद्यात तुम्हीच आहात. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला दर १२ टक्के, तोही जीएसटी वगळून जी किंमत उरते तिच्यावर आणि दोन-दोन वर्षांच्या हप्त्यानं भरायचा. बदली झाली की एनओसीच्या मागं धावणं नाही. विकताना घेणाऱ्याला बीएच नंबर चालत नसेल तर त्याला त्याच्या राज्याचा टॅक्स भरून नंबर बदलावा लागेल, भावात तेवढं ओढून धरतील हे लक्षात ठेवा.

प्रश्न : हायब्रिडला हिरवी नंबर प्लेट मिळते का? — हिंदवाडी

उत्तर : नाही. हिरवी फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला, ही बाहेरून चार्ज होत नाही, पेट्रोलचीच गाडी, पांढरीच पाटी. आणि पाटीवर कुठल्या भाषेत लिहायचं हा आपल्याकडचा जुना वाद एचएसआरपीनं (सरकारनं ठरवून दिलेल्या इंग्रजी अक्षरांच्या नंबर प्लेटनं) परस्पर मिटवलाय, ना तुमचं ना त्यांचं.

प्रश्न : भावानं नवी कॅमरी घेतलीय. चोर्ल्यातून गोव्याला उतरताना मध्येच इंजिनचा आवाज एकदम चढला, पाय तर अॅक्सिलरेटरवर नव्हताच. तो घाबरून गाडी बाजूला घेऊन थांबला. काही बिघाड आहे का? — खानापूर

उत्तर : बिघाड नाही, उलट गाडी बरोबर वागली. उतारावर मोटर गाडीला मागं ओढते आणि बॅटरी भरत जाते. पण हायब्रिडची बॅटरी लहान असते, इलेक्ट्रिक गाडीच्या मानानं अगदीच चिमुकली, घाटात थोडं उतरलं की ती भरून जाते. बेळगाव समुद्रापासून साधारण ७५० मीटर उंच, ते सगळं तुम्ही एका घाटात उतरताय. बॅटरी भरल्यावर आलेली वीज ठेवायची कुठं? मग सिस्टिम ती वीज खर्च करायला इंजिन नुसतं फिरवते, पेट्रोल न जाळता, आणि त्यानं गाडीला इंजिन ब्रेकिंगही मिळतं. आवाज त्याचा. त्या वेळी डिस्प्लेवर बॅटरीचं चित्र बघायला सांगा, काठोकाठ भरलेलं दिसेल.

एक मात्र सांगून ठेवा. बॅटरी भरली की साध्या ब्रेकवर भार जास्त येतो, तेव्हा स्टिअरिंगमागच्या पॅडलनं आधीच गाडी ओढून धरायची, वळण आल्यावर दाबू असं नको. पावसाळ्यात धुक्यात तर नकोच नको.

प्रश्न : आईचं वय ७८, दोन्ही गुडघ्यांचा त्रास. मिस्टरांच्या मनात कॅमरी भरलीय, माझ्या मनात शंका आहे. — वडगाव

उत्तर : ताई, तुमची शंका बरोबर. मागची सीट राजेशाही आहे पण खाली आहे, बसायला सोपं, उठायला दोन जण लागतील. आईंना सोबत घेऊन जा आणि त्यांना स्वतः बसून उठू द्या, हात देऊ नका, पाच मिनिटांत निकाल लागेल. त्याच कंपनीची इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड घेतली तर दोन लिटरचं इंजिन, १८६ पीएस, आकडा २३.२४ चा, सीट कमरेच्या उंचीला, किंमतही कितीतरी कमी. मिस्टरांना नुसतं हे सांगून पटणार नाही, त्यांना आईंच्या समोर शोरूममध्येच उभं करा.

प्रश्न : मर्सिडीजची सी-क्लाससुद्धा हायब्रिड आहे म्हणे. मग १०-१२ लाख जास्त घालून तारा असलेलीच का घेऊ नये? — संकेश्वर

उत्तर : घ्या की, तारा पाहिजे असेल तर घ्याच, पण हायब्रिड म्हणून नको. सी २०० मध्ये दीड लिटरचं टर्बो इंजिन आहे, २०४ पीएस, आणि त्याला ४८ व्होल्टची छोटी मोटर मदतीला, याला माइल्ड हायब्रिड म्हणतात. ती मोटर इंजिन झटकन चालू करते, निघताना थोडा धक्का देते, गाडी एकटीनं ओढत नाही. कॅमरीची मोटर पेट्रोलचा थेंब न जाळता गाडी चालवते, थोडंच अंतर पण चालवते. ब्रोशरवर दोन्हीकडं हायब्रिडच लिहिलेलं असतं. चालवायची मजा सी-क्लासमध्ये जास्त, मागं बसायला कॅमरी चांगली. कुठलीही घ्या, सगळ्यात जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं आहे आणि काच फुटली तर किती दिवसांत मिळेल हे बुकिंगआधी विचारा.

प्रश्न : २०१९ ची हायब्रिड कॅमरी बऱ्या भावात मिळालीय, ७० हजार किलोमीटर चाललेली. बॅटरीची भीती वाटते. — चिक्कोडी

उत्तर : ते मॉडेल जानेवारी २०१९ मध्ये ३६.९५ लाखांना आलं होतं. त्यात निकेल मेटल हायड्राइड बॅटरी, नवीत लिथियम आयन. जुनी म्हणजे वाईट नव्हे, त्या बॅटऱ्या लई चिवट. नव्या गाडीच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, तीच २०१९ च्या गाडीलाही असेल असं धरून चालू नका, वॉरंटी बुक उघडून बघा. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन हायब्रिड सिस्टिम तपासून लेखी रिपोर्ट घ्या, विकणारा त्याला नाही म्हणाला तर तिथंच राम राम करा.

स्वतः एक गोष्ट बघा. मागच्या सीटपाशी हवा आत घेणारी एक जाळी असते, ती बॅटरी थंड ठेवायला. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. धूळ, केस, कुत्र्याची लव, पोरांनी सांडलेला चिवडा यानं ती जाळी तुंबलेली असली तर बॅटरी कित्येक उन्हाळे तापत राहिलीय असं समजा. गाडीला कितीही पॉलिश मारलेलं असलं तरी तिथं सहसा कोणी हात लावत नाही. चिक्कोडीच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे फार महत्त्वाचं.

प्रश्न : आम्ही ऊस पिकवणार, त्याचं इथेनॉल होणार आणि ते या गाडीत जाणार. २० टक्के इथेनॉलनं हायब्रिडचं काही बिघडतं का? — उगार

उत्तर : नवी गाडी त्याच्यासाठीच बनवलेली आहे, बिघडत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, त्यामुळं मायलेज थोडं पडणार, तेवढं तुमच्या उसाच्या बिलात आलं असं समजा! बिल वेळेवर आलं तर. ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन गडकरींनी इथेनॉलवर चालणारी हायब्रिड इनोव्हा दाखवली होती, ती अजून नमुन्यातच आहे, तिची वाट बघत थांबू नका.

प्रश्न : पावसाळ्यात यमगर्णीजवळ हायवेवर पाणी येतं. हायब्रिड पाण्यात गेली तर शॉक बसतो का? — निपाणी

उत्तर : शॉकची भीती नको, जास्त व्होल्टेजच्या केशरी केबली पूर्ण बंदिस्त असतात आणि गडबड झाली की सिस्टिम बॅटरीला स्वतःच तोडते. भीती इंजिनची आहे. गाडी खाली बसलेली, हवेच्या वाटेनं इंजिनात पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि इथं हायब्रिडची एक गोम आहे, इंजिन कधी चालू करायचं ते तुम्ही नाही, गाडी ठरवते. पाण्यात बंद पडली तर पॉवर बटण बंद करा आणि टो करून न्या, परत चालू करून बघू म्हणून खटाटोप करू नका. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट घ्याच. वेदगंगा नदी रस्त्यावर आली असेल तर घरी बसा, बैठक काय पुढच्या आठवड्यातही होते.

प्रश्न : गाडी जपानची की आपली? घरात पैज लागलीय. — गणपत गल्ली

उत्तर : पैज बरोबरीत सोडा. डिझाइन जपानी, जुळणी बेंगळुरूजवळ बिडदीला, टोयोटा किर्लोस्कर मोटरच्या कारखान्यात. यातले किर्लोस्कर म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं घराणं, त्यांचा जन्म १८६९ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, आणि १८८८ मध्ये त्यांनी सायकलीचं दुकान काढलं ते बेळगावात. पुढं १९१० मध्ये ते कुंडलकडच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी झाली. आपल्याकडं रस्त्याला नाव तेवढं राहिलं.

प्रश्न : आम्ही वर्षातनं चार-पाच महिने पोराकडं बाहेरगावी असतो, गाडी बंद राहणार. मोठी बॅटरी उतरेल का? — सदाशिवनगर, बेळगाव

उत्तर : मोठी नाही, छोटी उतरेल. अशा हायब्रिडमध्ये साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते, तिचं काम फक्त गाडीचे कॉम्प्युटर जागे करायचं, आणि गाडी उभी राहिली की काही आठवड्यांत ती बसते. ती बसली की ६० लाखांची गाडी दारही नीट उघडू देत नाही. शेजारच्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालू ठेवायला सांगा, डिस्प्लेवर रेडी असं आलं पाहिजे, नुसती गाणी लावून बसला तर उलट लवकर उतरेल. चावी गाडीपासून लांब ठेवा, जवळ असली की गाडी तिच्याशी बोलत बसते आणि बॅटरी खाते. एवढं करायला शेजारी कोणी नसेल तर जाण्याआधी सर्व्हिस सेंटरवाल्याकडून १२ व्होल्टचं कनेक्शन काढून घ्या, आणि परत आल्यावर घड्याळ नव्याने लावा.